गाडी उगं वाजत न्हाय

अण्णा मिस्त्रींकडे गाडी नेली की आधी गाडीची नाही, आपली तपासणी व्हायची. गाडीला ते हातसुद्धा लावायचे नाहीत. टपरीसमोरच्या कडुलिंबाखाली दोन जुन्या बॅटऱ्यांवर फळी टाकून केलेलं एक बाकडं होतं. त्यावर मालकाला बसवायचं, आपण समोर उकिडवं बसायचं आणि प्रश्न विचारायला सुरुवात करायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा वायपर बंद पडला होता. अण्णांनी विचारलं, "गाडी धुतं कोन?"

"मीच धुतो."

"पाईपानं का बादलीनं?"

"बादलीनं."

"गाडीत बसून शेंगा खाता?"

वायपरचा आणि शेंगांचा काय संबंध, हे मला कळेना. बायको शेजारी बसली होती. तिच्याकडे न बघता मी ठामपणे नाही म्हणालो. अण्णांनी मान डोलावली, उठले, फ्यूजची पेटी उघडली आणि आतून उंदराने साठवलेल्या तीन शेंगा काढून माझ्या पुढ्यात धरल्या. बाजूची वायर कुरतडलेली होती. अण्णा शेंगा नीट निरखून म्हणाले, "सर, ह्या भाजलेल्या हायत. उंदीर काय भाजून आनत न्हाय." बायको तेव्हा हसली ती जुळे सोलापुरात घरी पोचेपर्यंत हसत होती.

विजापूर रोडला त्यांची पत्र्याची टपरी होती. आत एका खिळ्यावर वायरींची भेंडोळी, एका खिळ्यावर देवाचा फोटो आणि एका खिळ्यावर टॉवेल. अण्णा सत्तरीला टेकलेले, अंगात पांढरा सदरा आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी. हात दिवसभर काळे, पण टोपीला कधी डाग नाही. टोपी सरकवायची झाली तर ते ती मनगटाच्या वरच्या बाजूने सरकवायचे. मी कितीतरी वेळा त्यांचा हात चुकतो का हे बघत बसलो, कधी चुकला नाही.

गिऱ्हाइकांत त्यांचं नाव होतं दमधरे मिस्त्री. आडनाव वेगळंच होतं, पण "दम धरा की" हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की लोकांनी तेच आडनाव करून टाकलं. किती वेळ लागेल, असं विचारलं की दम धरा की. चार वाजता या म्हणालात, आता सहा वाजले, असं सांगितलं की दम धरा की, चार काय पळून जात न्हाईत. एकदा एका गृहस्थाने चिडून विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधी घाई झालीच नाही का आयुष्यात?" अण्णांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "एकदा झालती. लग्नात. तितं पन भटजीनं दम धराय लावला."

हा दम त्यांना मेंढरांनी शिकवला होता. अण्णा करमाळ्याकडचे, घर धनगराचं. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत कळपामागे फिरलेले, मग सोलापुरात एका गॅरेजात चिकटले ते वायरिंगचेच झाले. पण गाडीबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी कळपच असायचा. एका गिऱ्हाइकाला कोणीतरी अख्खं वायरिंग बदलायला सांगितलं होतं, त्याला अण्णा म्हणाले, "एक मेंढरू लंगडतंय म्हनून कळप इकतं का कोन?" गाडी चालू होत नाही म्हणून कोणी तणतणत आला की म्हणायचे, "मारू नगा तिला, आधी पाय बगा." गाडीचा पाय कुठला, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

तर अशा अण्णांकडे मी गेल्या उन्हाळ्यात माझी गाडी घेऊन गेलो, कारण ती बोंबलायला लागली होती.

गाडी सेकंडहँड. आधीचे मालक नवी पेठेतले कापडाचे व्यापारी, माणूस सावध. त्यांनी गाडीला बाहेरून चोराचा अलार्म बसवून घेतला होता. पाच-सहा वर्षं तो अलार्म कधी उगाच वाजला नाही. चैत्र लागला आणि एके दिवशी भर दुपारी खाली उभी असलेली गाडी एकाएकी ठणाणा करायला लागली. मी बनियनवर धावत जिना उतरलो. गाडीजवळ चिटपाखरू नव्हतं. किल्लीचं बटण दाबून बंद केली, वर आलो, आडवा झालो, पुन्हा सुरू. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारची झोप ही चैन नाही, त्याशिवाय माणूस संध्याकाळपर्यंत टिकत नाही. चार दिवसांत अख्ख्या सोसायटीला माझी गाडी पाठ झाली. तळमजल्यावरचे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या खिडकीखालीच ती उभी असते. ते रागावत नाहीत, हाच त्यांचा मोठा त्रास. जिन्यात भेटले की हळूच म्हणायचे, "सर, तुमची कन्या आज दोनदा रडली."

अण्णांनी मला बाकड्यावर बसवलं. गाडी कुठे उभी करता, कोण शेजारी असतं, कुत्री-मांजरं वर बसतात का, दारं नीट लागतात का, बॉनेट कोण उघडतं.

"तुमच्याशिवाय कोणी नाही," मी म्हणालो. अण्णांना बरं वाटावं हा त्यात थोडा हेतू होता.

अण्णांनी गाडी दिवसभर ठेवून घेतली. ती लिंबाखाली गुणी बाळासारखी गप्प उभी राहिली. दार उघडलं की अलार्मला कळवणारी दाराच्या चौकटीतली चारही बटणं त्यांनी बदलली, बॅटरीची टोकं घासली, "घिऊन जावा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता कन्या रडली. पुन्हा नेली, पुन्हा लिंबाखाली गप्प. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "अण्णा, कापा की वायर. भोंग्याचीच वायर कापली की मिटलं."

अण्णा त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "आमच्या वाड्यावर कुत्रं भुकायचं. मेंढरं आत, कुत्रं बाहीर. ते भुकलं की माजा बा कुत्र्याला गप कर म्हनत न्हवता, उठून बगून यायचा. कदी लांडगा आसायचा, कदी साप आसायचा. कुत्रं उगं भुकत न्हाय आन् गाडी उगं वाजत न्हाय. कारान मला दिसंना, ही माजी चूक. तिचं तोंड कशाला बांधू?"

ऐकायला हे फार छान होतं. पण रोज दुपारी बनियनवर धावणारा मी होतो. चौथ्या आठवड्यात माझा दम संपला आणि अण्णांना न सांगता मी गाडी एका चकाचक सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे एसी होता, कॉफी होती आणि गाडीला संगणक लावून तपासणारी माणसं होती. संगणकाने सांगितलं, गाडीत काहीही दोष नाही. अलार्म बाहेरून बसवलेला, त्यामुळे तो संगणकाच्या खिजगणतीतच नव्हता. अलार्म काढून टाका, एवढा सल्ला घेऊन मी परत आलो. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने अण्णांकडे गेलो.

अण्णांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि थांबले. पाय ठेवायच्या जागी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पसरलेला पांढरा कागद तसाच होता. त्यांनी तो उचलला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. "म्हायेर सोडून कुटं जाऊन आली ही?"

मी काहीतरी पुटपुटलो. अण्णा हसले, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. बाकड्यावर मालकाच्या जागी ते स्वतः बसले. तसं बसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"तुमचं काय चुकलं न्हाय, सर. तीनदा आनली, तीनदा न्हेली. तुमच्या सोसायटीतले दोगं आता हिकडं येत न्हाईत. अण्णाचं वय झालं म्हनत्यात. पोरगं बी म्हनतंय, बास करा, गावाकडं चला." मग गाडीकडे बोट करून म्हणाले, "ही सापडली न्हाय तर टपरीला कुलूप. चाळीस वर्सं लोकास्नी सांगत आलो, कारान आसतंयच. मलाच घावत नसंल तर हितं बसायचं कशाला?"

गाडी वाजते म्हणून मी कुरकुरत होतो, आणि इथे एका माणसाचं आयुष्यभराचं काम त्या भोंग्याला बांधलं गेलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, इथे ती वाजतच नाही. तुम्ही आमच्याकडे या. तिला तिच्या जागेवर बघा."

अण्णा टपरी सोडून कधी कुणाच्या दारी जात नसत. दवाखाना काय रोग्याच्या घरी जातो का, असं ते विचारायचे. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "उंद्या दोनला येतो."

आणि दोनला आले. चारचे सहा करणारा माणूस रिक्षातून दोनला पाच मिनिटं कमी असताना उतरला, तेव्हा मला काळजीच वाटली. गुरुजींनी आपली प्लास्टिकची खुर्ची सावलीत ठेवली. अण्णांनी ती उचलून गाडीच्या तोंडासमोर, बरोबर उन्हात ठेवली आणि टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. टोपी घडी करून खिशात. मी शेजारी उभा. बायकोने दोनदा ताक आणून दिलं. मला आता वाटतं, अण्णा गाडी बघत नव्हते, ऊन बघत होते. आमच्या इमारतीची सावली गाडीवरून हळूहळू सरकत मागे गेली. सव्वादोनला ऊन बॉनेटच्या टोकावर आलं, अडीचच्या सुमाराला अख्ख्या बॉनेटवर.

"सर, तुमी शिकवता काय कालिजात?"

"भूगोल."

अण्णांनी नुसतं बॉनेटवरच्या उन्हाकडे बोट केलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते हे मी वीस वर्षं फळ्यावर काढतोय, आणि माझ्या गाडीवर ऊन किती वाजता येतं हे मला माहीत नव्हतं. लिंबाखाली ती का वाजत नाही, याचं उत्तर तिथेच होतं.

आणि गाडी वाजली. माझा हात सवयीने किल्लीकडे गेला. अण्णा ओरडले, "बंद करू नगा!"

सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. खालून काय चाललंय हे कोणाला कळेना, कारण भोंगा केकाटतोय आणि एक म्हातारा टॉवेल गुंडाळून शांतपणे गाडीभोवती फिरतोय. अण्णांनी एकेक दार दाबून पाहिलं. डिकी दाबली. मग बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले. पत्रा इतका तापला होता की मी लांबूनच हात मागे घेतला. अण्णांनी तळवे उचलले नाहीत. उजवा कोपरा दाबला, काही नाही. डावा दाबला आणि हात तसाच धरून ठेवला. म्हणाले, "आता बंद करा." मी केली. थोडं थांबलो, नाही वाजली. "हात काढू?" त्यांनी विचारलं आणि काढला. दोन मिनिटांत वाजली. पुन्हा डावा कोपरा दाबून धरला, गप्प.

बॉनेट उघडलं. डाव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं एक बटण असतं. बॉनेट लावलं की ते खाली दबतं, आणि वर आलं की अलार्मला वाटतं कोणीतरी बॉनेट उघडलंय. हे बटण पूर्ण खाली जात नव्हतं, मध्येच अडत होतं. जेमतेम टेकलेलं असायचं. ऊन लागून पत्रा जरा फुगला की सुटायचं. अण्णांनी बोटाने चाचपून पाहिलं, मग सुईसारखा एक टोच्या घेऊन बटणाभोवतीची खाच कोरायला लागले. आतून लाल-पिवळं, सिमेंटसारखं घट्ट झालेलं काहीतरी तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. अण्णांनी ते तळहातावर घेतलं, चिमटीत कुस्करलं. त्यात तांदूळ होते.

मी ओळखलं. दर दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो. बाकीचे लोक बाहेरून हळदकुंकू लावून मोकळे होतात. माझं म्हणणं, खरं शस्त्र इंजिन, पूजा इंजिनाची झाली पाहिजे. म्हणून मी दरवर्षी बॉनेट उघडून पळीने पाणी, ओलं हळदकुंकू आणि मूठभर अक्षता मनोभावे टाकतो. बॉनेट कोण उघडतं, या प्रश्नाला हे उत्तर द्यायचं मला सुचलंच नव्हतं. देवाचं काम म्हणजे काही उघडणं नव्हे, असं माझं मन धरून चाललं होतं.

बायको ताकाचा तिसरा पेला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी दरवर्षी सांगते, दोन दाणे टाका. हे नैवेद्य वाढल्यासारखे वाढतात."

आता अण्णा मला धुऊन काढणार, अशी तयारी मी मनाशी केली होती. पण त्यांनी तो चुरा आधी कपाळाला लावला. मग मला विचारलं, "वैनींची तुळस कुटाय? हे कचऱ्यात टाकू नगा, देवाचं हाय." आणि नंतर, अगदी हळू, जसं काही गाडीला ऐकू जाऊ नये, "पूजा कराच, सर. टायरला करा. वायरला नगं."

त्यांनी बटण साफ केलं, तेलाचा थेंब सोडला, बॉनेट लावलं. आम्ही तिघंही साडेचारपर्यंत गाडीसमोर बसलो. ती वाजली नाही. गुरुजी खिडकीतून म्हणाले, "आज कन्या रडली नाही," तेव्हा अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता. मला वाटलं, चला, टपरी वाचली. मी ते दोघातिघांना फोन करून सांगितलंसुद्धा.

आठ दिवसांनी पेढे घेऊन गेलो. टपरीतले खिळे मोकळे होते. अण्णा वायरींची भेंडोळी एका पोत्यात भरत होते.

"अण्णा, हे काय? सापडली नाही तर बंद करणार होतात ना? सापडली की!"

"सापडली," अण्णा म्हणाले. "म्हनून तर."

त्यांनी पोत्यातून वायरीचे दोन तुकडे काढले आणि दोन्ही हातांत एकेक धरला. "ह्यातली लाल कुटली?"

मी दाखवली. एक लाल, एक तपकिरी.

"मला दोनी सारक्याच दिसत्यात. वर्स झालं. डाक्टर म्हनतो, पडदा गेलाय, आता सुदारत न्हाय." ते अगदी सहज बोलले. "तुमच्या गाडीची चार येळा दारं धुंडाळली, त्यातलं निम्मं अंदाजानं. शेवटी बोटानं घावलं, डोळ्यानं न्हाय."

"मग तेव्हाच सांगायचं होतं. मी काही म्हणालो असतो का?"

"तुमी न्हाय. पन लोक म्हनले आसते, अण्णाला घावंना म्हनून डोळ्याचं निमित्त काडलं. आता घावलंय. आता डोळ्याचं डोळ्यावर ऱ्हाईल, माज्यावर न्हाय."

मला त्यांना थांबवायचं होतं. मनात वाक्यं जुळत होती, गिऱ्हाईक परत येईल, मी चार लोकांना सांगतो, वगैरे. पण त्या दोन वायरींपुढे त्यांतलं एकही टिकणारं नव्हतं. डोळे भरून आले, आणि अण्णांना ते दिसणार नाही या विचाराने ते आणखीच भरले. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक तोंडात टाकला, एक पंक्चरवाल्याला दिला आणि म्हणाले, "गावाकडं भावाची मेंढरं हायत अजून. तितं लाल-तपकिरी बगायची गरज पडत न्हाय."

मी गाडीत बसलो. मागे रस्ता वाहता होता, ट्रक येत-जात होते. अण्णा गाडीमागे जाऊन उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे डिकीवर थाप मारून म्हणाले, "यिऊ द्या."

मला माहीत होतं की त्यांना नीट दिसत नाही. मी आरशात पाहिलं नाही. ते "यिऊ द्या, यिऊ द्या" म्हणत राहिले तोवर मागे घेत गेलो, आणि "बास" म्हणाले तिथे थांबलो.